ज्याचा पंचनामा होत नाही

गारपीट झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक शिवारात येतात. किती गुंठे पीक आडवे झाले, फळबाग किती झोडपली गेली, याचा पंचनामा होतो. घरफोडी झाली की पोलीस येतात. कुलूप कसे तोडले, पेटीतून काय काय गेले, ते कागदावर उतरते. मारहाण झाली तर डॉक्टर जखमेची लांबी-रुंदी मोजून दाखला देतात.

पण जिच्यावर हात उचलला गेला, जिच्यावर बळजबरी झाली किंवा जिच्या घरात अपरात्री चोर शिरला, ती बाई पुढचे सहा महिने झोपते कशी, तिला घास गोड लागतो का, दिवेलागणीला ती एकटी विहिरीवर जायला धजते का, याचा पंचनामा कोणी करीत नाही. अंगावरचा वळ आठ-दहा दिवसांत निवळतो. दाखला फायलीत जातो. बाई पुन्हा चुलीपाशी, गोठ्यात आणि रानात कामाला लागते. घरच्यांना वाटते, झाले गेले संपले.

ते संपत नाही. अंगावरची खूण गेली तरी प्रकृतीवर त्याचा भार राहतो, आणि तो भार मोजताही येतो. कॅनडा या देशात हे मोजण्याचे काम बरीच वर्षे चालू आहे. तिथे सरकारी खात्याने पोलिसांच्या वहीवर विसंबून न राहता खुद्द बायकांनाच विचारले. त्यातून जे पुढे आले ते आपल्या घरातल्या लेकी-सुनांच्या, मायबहिणींच्या प्रकृतीचाही विचार करायला लावणारे आहे.

तिथले मूळचे लोक

कॅनडा म्हणजे अमेरिका खंडाचा उत्तरेकडचा देश. आकाराने भारताच्या सुमारे तिप्पट, पण माणसे थोडी. २०२१ च्या शिरगणतीत तिथली लोकसंख्या पावणेचार कोटींच्या आतच भरली. त्यांत सुमारे १८ लाख लोक त्या भूमीचे मूळ रहिवासी, म्हणजे शंभरात पाच. युरोपातून गोरे लोक येण्याच्या हजारो वर्षे आधीपासून हे लोक तिथे राहत होते. आपण शाळेच्या पुस्तकात ज्यांना ‘रेड इंडियन’ म्हणून वाचले तेच हे. आता ते नाव तिकडे अपमानाचे समजतात. ‘फर्स्ट नेशन्स’ म्हणजे पहिली राष्ट्रे, बर्फाळ उत्तरेतले ‘इन्युइट’ आणि मिश्र वंशातून स्वतंत्र समाज म्हणून उभे राहिलेले ‘मेटी’, असे त्यांचे तीन मोठे गट आहेत. आपल्या भाषेत त्यांना आदिवासी म्हटले तर चूक होणार नाही.

गुन्ह्यांचा हिशेब साधारणपणे पोलीस ठाण्यात नोंदल्या गेलेल्या तक्रारींवरून करतात. पण जी बाई ठाण्याची पायरीच चढली नाही, ती त्या हिशेबात येणार कशी? म्हणून कॅनडाच्या सांख्यिकी खात्याने १९८८ पासून साधारण दर पाच वर्षांनी एक पाहणी सुरू केली. पंधरा वर्षांवरील हजारो स्त्री-पुरुषांना, पुष्कळदा टेलिफोनवरून, विचारले जाते: गेल्या बारा महिन्यांत तुमच्यावर कोणी हात उचलला का? जबरदस्ती केली का? काही चोरीला गेले का? पोलिसांना कळवले होते का? २०१४ सालच्या पाहणीत असे दिसले की शंभर गुन्ह्यांपैकी केवळ ३१ गुन्हे पोलिसांपर्यंत पोहोचले होते. उरलेले ६९ सोसणाऱ्यांनी आपल्याच पोटात ठेवले होते.

याच पाहणीत प्रकृतीचेही साधे प्रश्न असतात. तुमची प्रकृती एकंदरीत कशी आहे: अत्युत्तम, फार चांगली, चांगली, बेताची की वाईट? तुमचे मन कसे आहे? आणि तुमचे बहुतेक दिवस कसे जातात: मुळीच ताण नसतो, फारसा नसतो, थोडा असतो, बराच असतो की अतोनात असतो? ना रक्त तपासायचे, ना क्ष-किरण फोटो काढायचा. बाईने स्वतः सांगायचे आणि विचारणाऱ्याने लिहून घ्यायचे.

आकडे काय सांगतात

२०१४ च्या पाहणीत दर हजार आदिवासी बायकांमागे वर्षभरात हिंसेचे २२० प्रसंग घडल्याचे दिसले. बाकीच्या बायकांत हा आकडा हजारी ८१ होता. हे प्रसंगांचे आकडे आहेत. एकाच बाईवर दोनदा घडले तर ते दोन प्रसंग धरतात. तरीही फरक अडीच पटीहून अधिक आहे. २००९ च्या पाहणीतही तो जवळजवळ तिप्पट होता. म्हणजे हे एका वर्षापुरते नव्हते.

२०१८ मध्ये आणखी एक मोठी पाहणी झाली. तिच्यात वयाच्या पंधराव्या वर्षापासून आजवर कधी मार किंवा लैंगिक जबरदस्ती सोसली का, असे विचारले होते. शंभरातल्या ६३ आदिवासी बायका ‘हो’ म्हणाल्या. इतर बायकांत ४५ जणी ‘हो’ म्हणाल्या. हा दुसरा आकडाही काही लहान नाही. हे दुखणे एकट्या आदिवासी वस्तीतले आहे, सुधारलेल्या शहरी घरांतले नाही, असे कोणी म्हणू नये.

हिंसेचे टोक म्हणजे खून. कॅनडाच्या पोलीस दलाने २०१४ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९८० ते २०१२ या काळात १,०१७ आदिवासी बायका-मुलींचे खून झाले, आणि आणखी १६४ जणी बेपत्ता असल्याची नोंद होती. देशातल्या एकूण बायकांत आदिवासी बायका शंभरात चारच्या आसपास, पण खून झालेल्या बायकांत त्या शंभरात सोळा.

आता प्रकृतीचे पाहू. मार किंवा जबरदस्ती सोसलेल्या बायका, मग त्या आदिवासी असोत वा नसोत, आपली प्रकृती बेताची आहे आणि दिवस ताणात जातात, असे इतरांपेक्षा अधिक वेळा सांगतात. आदिवासी समाजात मुळातच आपली प्रकृती फार चांगली म्हणणारे लोक देशाच्या सरासरीपेक्षा कमी आहेत. दारिद्र्य, दाटीवाटीची घरे, लांबचे दवाखाने, अशी कारणे त्यामागे आहेत. त्यावर हा मार. आधीच वाकलेल्या पाठीवर आणखी एक पोते चढावे तसे ते होते.

इथे एक सावधगिरी ठेवली पाहिजे. हे दोन्ही एकत्र आढळतात, एवढेच पाहणी दाखवते. आधी काय आणि मागून काय, हे तिच्यातून दर वेळी सांगता येत नाही. मारामुळे मन खचते हे खरे. पण मन आधीच खचलेली, एकटी पडलेली बाई दुष्टाच्या नजरेला लवकर पडते, हेही तितकेच खरे. दोन्ही मिळून एक चक्र होते आणि बाई त्यात फिरत राहते.

तिच्या बोलण्यावर किती विसंबावे?

कोणी म्हणेल, ‘बाई म्हणते प्रकृती बरी नाही. पण म्हणण्यावर काय जाते? डॉक्टरांनी तपासले तर सगळे ठीक निघते.’

याचेही उत्तर कॅनडातूनच आले आहे. तिथल्या मॅनिटोबा प्रांतात १९७१ साली पासष्टीच्या पुढच्या तीन हजारांवर माणसांना ‘तुमची प्रकृती कशी आहे?’ एवढे विचारून ठेवले होते. पुढे काही वर्षे त्यांतले कोण हयात राहिले, कोण गेले, याची नोंद ठेवली. जाना मॉसी आणि एव्हलिन शपिरो या दोघी संशोधक बायकांनी १९८२ मध्ये त्याचा हिशेब मांडला. ज्यांनी प्रकृती ‘वाईट’ म्हटली होती त्यांना पहिल्या काही वर्षांत मरण येण्याचा धोका ‘अत्युत्तम’ म्हणणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होता. वय आणि डॉक्टरी नोंदीतले आजार हिशेबात धरल्यावरही हा फरक उरला. १९९७ मध्ये निरनिराळ्या ठिकाणच्या अशा २७ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला आणि बहुतेक सर्वांचा रोख तोच होता.

म्हणजे माणसाला आपल्या कुडीची जी जाणीव असते ती पुष्कळदा कागदावरच्या नोंदीपेक्षा पुढचे ओळखते. म्हणून घरची बाई ‘मला बरे वाटत नाही’ म्हणाली तर ते नाटक म्हणून झटकून टाकू नये.

बिबट्या गेला, पण गाय चरत नाही

मनाच्या ताणाने शरीर खरोखर बिघडते का? ‘स्ट्रेस’ हा शब्द आज खेड्यातल्या तरुण पोरांच्याही तोंडी आहे. तो शब्द वैद्यकात रूढ केला हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने. त्याची कर्मभूमी कॅनडातले माँट्रियल शहर. १९३६ मध्ये त्याने एक छोटा लेख लिहिला. उंदरांना थंडीत ठेवा, थकेपर्यंत पळवा, इजा करा किंवा घातक औषध टोचा, कारण कोणतेही असो, त्यांच्या शरीरात तीन बदल सारखेच होतात, असे त्याला आढळले. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी सुजतात, रोगाशी लढणारी छातीतली ग्रंथी आक्रसते आणि पोटात व्रण पडतात.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. बिबट्याचा वास आला की गाय कान टवकारते, दावे ताणते, तिची छाती धडधडते, दूध आटते. त्या वेळी शरीर सगळी ताकद पळण्यासाठी किंवा शिंगे उगारण्यासाठी गोळा करीत असते. बिबट्या निघून गेला की काही वेळाने ती शांत होते, रवंथ करू लागते. माणसाच्या शरीराचीही हीच रीत आहे. संकट आले की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रक्तात रस सोडतात. नाडी वाढते, साखर वाढते, भूक मरते, झोप उडते. संकट टळले की सगळे पूर्ववत व्हावे, अशी निसर्गाची योजना आहे.

पण बिबट्या घरातच राहत असेल तर? मारणारा नवरा रोज संध्याकाळी परत येत असेल, छेड काढणारा गावातल्याच पारावर बसत असेल, किंवा घडलेला प्रसंग डोळे मिटले की पुन्हा समोर उभा राहत असेल, तर शरीराला ‘आता निवांत हो’ असा निरोप कधी मिळतच नाही. महिनोन्‌महिने ते सज्ज राहते आणि झिजत जाते. डोके ठणकते, पाठ धरते, पोटात आग पडते, पाळी बिघडते, दाराची कडी वाजली तरी दचकायला होते. बाई दवाखान्यात जाऊन ‘अशक्तपणा आहे, हातपाय गळतात’ म्हणते. तिला ताकदीची बाटली मिळते. खरे कारण कोणी विचारीत नाही आणि ती सांगत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र करून सांगितले की नवऱ्याचा किंवा जोडीदाराचा मार सोसलेल्या बायकांत खिन्नतेचा आजार जवळजवळ दुप्पट आढळतो. त्यांना कमी वजनाचे मूल होण्याची शक्यताही १६ टक्क्यांनी अधिक असते. हाताने मारले एकीला, पण त्याची झळ पोटातल्या बाळापर्यंत गेली.

आदिवासी बाईच का?

कॅनडाच्या आदिवासी बाईच्या वाट्याला हे अधिक का आले, याचे उत्तर तिच्या रक्तात किंवा रीतिभातीत शोधणे अन्यायाचे होईल. २०१४ च्या पाहणीत लहानपणी झालेले हाल, डोक्यावर छप्पर नसणे, खचलेले मन, बिघडलेली वस्ती, अशा गोष्टींनी माणसाचा धोका वाढतो असे दिसले. पण हे सगळे हिशेबात घेतल्यावरही बायकांच्या बाबतीत आदिवासी असणे हा धोका शिल्लक राहिलाच. त्याची मुळे इतिहासात आहेत.

पहिले मूळ वसतिगृहांच्या शाळांत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सरकार आणि चर्च यांनी मिळून अशा शाळा चालवल्या. दीड लाखाहून अधिक आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून त्यांत ठेवले गेले. मायबोली बोलली तर शिक्षा होई. पुष्कळ मुलांवर मारहाण आणि अत्याचार झाले, हजारो मुले परतलीच नाहीत. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. २००८ च्या जूनमध्ये पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत माफी मागितली. पण ज्या मुलाने आईची माया पाहिलीच नाही, ज्याला छडीखेरीज दुसरे वळण ठाऊक नाही, ते पुढे बाप झाल्यावर काय करणार? एका पिढीची जखम दुसऱ्या पिढीच्या अंगावर उतरली.

दुसरे मूळ कायद्यात. १८७६ च्या कायद्याखाली आदिवासी बाईने जमातीबाहेर लग्न केले की तिचा आदिवासी म्हणून दर्जाच जाई आणि त्याबरोबर आपल्या वस्तीत राहण्याचा हक्कही जाई. पुरुषाने बाहेरची बायको केली तर त्याचे काही जात नसे, उलट बायकोलाही दर्जा मिळे. बायकांनी कोर्टकचेऱ्या केल्या, प्रकरण संयुक्त राष्ट्रांपर्यंत नेले, तेव्हा कुठे १९८५ मध्ये हा नियम बदलला. राखीव वस्तीतल्या घराचेही तसेच. नवरा-बायको विभक्त झाली तर राहत्या घरावर तिचा हक्क सांगणारा कायदा तिथे नव्हता. तो २०१३ मध्ये झाला. नवऱ्याने मारले तरी ‘जाऊ कुठे?’ हा प्रश्न आपल्याकडच्या बाईला नवा नाही. तिकडेही तोच प्रश्न होता.

तिसरे कारण ऐकून एस.टी.ची वाट पाहणाऱ्या आपल्या मुलींना नवल वाटणार नाही. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात प्रिन्स जॉर्ज ते प्रिन्स रूपर्ट हा सुमारे सव्वासातशे किलोमीटरचा सोळा नंबरचा हमरस्ता आहे. दोन्ही बाजूंना जंगल, मध्ये लांब लांब आदिवासी गावे. गाव ते गाव बसची सोय नाही, घरी मोटार नाही. दवाखाना, बाजार, शाळा गाठायची तर रस्त्यावर उभे राहून अनोळखी गाडीला हात करायचा. या रस्त्यावर १९६९ पासून कितीतरी मुली नाहीशा झाल्या किंवा मारल्या गेल्या. त्यांत आदिवासी मुली फार. लोक त्याला ‘अश्रूंचा रस्ता’ म्हणू लागले. २००६ मध्ये लोकांनी परिषद भरवून ३३ मागण्या केल्या. पहिल्या मागण्यांतच होते: बस द्या. ती गावांना जोडणारी बस सुरू व्हायला २०१७ साल उजाडले. अकरा वर्षे लागली.

आणि चौथी गोष्ट, विश्वास. ज्या पोलीस दलाकडे धाव घ्यायची त्याच दलाच्या शिपायांनी एके काळी मुलांना घरातून उचलून त्या शाळांत नेले होते. मुलगी हरवल्याची तक्रार घेऊन गेलेल्या आईला ‘येईल परत, गेली असेल कुठे तरी’ असे उत्तर मिळाल्याच्या कहाण्या घरोघरी आहेत. मग सोसलेले मनातच राहते आणि त्याचा भार प्रकृतीवर पडतो.

ऐकून घेतले तेव्हा

बायकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. जेमी ब्लॅक या मेटी चित्रकार बाईने २०१० पासून गेलेल्या बायकांची आठवण म्हणून झाडांवर आणि चौकांत रिकामे लाल झगे टांगायला सुरुवात केली. अखेर २०१६ मध्ये सरकारने राष्ट्रीय चौकशी नेमली. गावोगावी बैठका झाल्या. २,३८० हून अधिक लोकांनी आपले म्हणणे मांडले किंवा कामात भाग घेतला. सांगणाऱ्याच्या जवळ जमातीतली वडीलधारी माणसे बसत. डोळे पुसलेले कागदी रुमाल कचऱ्यात न टाकता जपून गोळा करीत आणि विधिपूर्वक अग्नीत अर्पण करीत. त्या अश्रूंनाही मान आहे, असा त्याचा अर्थ. ३ जून २०१९ रोजी अहवाल आला. त्यात २३१ मागण्या होत्या. सुरक्षित घरे, प्रवासाची सोय, आपल्या भाषेतला आणि आपल्या रीतीचा उपचार यांचा त्यांत समावेश होता. सगळ्या मागण्या पुऱ्या झाल्या असे मुळीच नाही. पण जे पूर्वी घरातल्या घरात कुजत होते ते देशाने ऐकले.

पुरुषांकडूनही एक चांगले काम उभे राहिले. पॉल लेसर्ट हे आदिवासी गृहस्थ आणि त्यांची मुलगी रेव्हन २०११ मध्ये त्याच अश्रूंच्या रस्त्याजवळ मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीला गेले होते. कातडे सोलताना त्यांना सुचले की या कातड्याचे लहान चौकोनी तुकडे करून पुरुषांना छातीवर लावायला द्यावेत. ज्याने तो लावला त्याने बायका-मुलांवर हात उगारणार नाही आणि दुसऱ्याने उगारला तर गप्प बसणार नाही, असे वचन द्यायचे. दोघांची ही कल्पना पुढे देशभर पसरली आणि लाखो तुकडे वाटले गेले. बायकांना ‘जपून राहा’ सांगणारे पुष्कळ असतात. पुरुषांना ‘तुम्ही नीट राहा’ म्हणणारे थोडे.

आपल्या उंबऱ्याच्या आत

हे सगळे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येणार नाही. १९७२ मध्ये आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका गरीब आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना सोडले. तिच्या अंगावर जखमेची खूण नाही, हे त्यात एक मोठे कारण होते. पंचनाम्यात वळ दिसला नाही म्हणून दुखणेच नाही! त्या निकालाविरुद्ध १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

आपल्या देशातल्या २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही बायकांना विचारले होते. ज्यांनी मार किंवा लैंगिक जबरदस्ती सोसली होती त्यांतल्या शंभरपैकी ७७ जणींनी ना कोणाची मदत मागितली, ना कोणाला सांगितले. मदत मागणाऱ्या फक्त १४. बाकीच्या बायका आपल्यातच आहेत. हळदीकुंकवाला येतात, खुरपणीला ओळीत असतात, बाजारच्या दिवशी एस.टी.त शेजारी बसतात.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २०००-०१ च्या सुमारास ‘दिलासा’ नावाचे केंद्र निघाले. मार लागलेली किंवा पुन्हापुन्हा अशक्तपणाची तक्रार घेऊन येणारी बाई आली तर नर्सने किंवा डॉक्टरने तिला बाजूला घेऊन हळूच विचारायचे आणि तिथेच तिला धीर देणाऱ्या, सल्ला देणाऱ्या बाईकडे पाठवायचे, ही त्याची रीत. पुढे ती इतर रुग्णालयांतही गेली. दवाखान्यात जे जमते ते घरात, शेजारात, बचत गटात का जमू नये?

घरात किंवा ओळखीत अशी बाई असेल तर काय करावे?

तिला एकटी गाठून विचारा. सासू, नवरा, दीर समोर असताना ती ‘बरी आहे’ एवढेच म्हणेल. पाणी आणताना, निंदणीच्या वेळी, दळण टाकायला जाताना विचारा.

ती बोलू लागली की मध्ये तोडू नका. ‘तू तिकडे गेलीसच कशाला?’, ‘तू उलट बोलली असशील’, ‘संसार म्हटला की भांड्याला भांडे लागायचेच’ ही वाक्ये ओठांवरच अडवा. ‘तुझ्यावर माझा विश्वास आहे, यात तुझा दोष नाही’ एवढे म्हटले तरी तिच्या मनावरचे ओझे हलके होते.

ती काय म्हणाली ते चावडीवर नेऊ नका. पुढे काय करायचे ते तिला ठरवू द्या. ठाण्यात, दवाखान्यात जायचे ठरवलेच तर तिच्याबरोबर जा.

झोप उडाली आहे, अन्न जात नाही, दचकते, मुलांवर विनाकारण चिडते, असे महिनाभरापेक्षा जास्त चालले तर तो आजार समजून प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. सरकारच्या १४४१६ या क्रमांकावर मनाच्या आजाराबद्दल मोफत सल्ला मिळतो. ‘जगून काय करू’ अशी भाषा ती बोलली तर एक दिवसही थांबू नका आणि तिला एकटी सोडू नका.

महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२ हे क्रमांक घरातल्या मुलींना पाठ असू द्या. जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ केंद्रात पोलीस, दवाखाना, वकील आणि काही दिवस राहण्याची सोय यांसाठी एकाच जागी मदत मिळते. अत्याचार झालेल्या बाईवर सरकारी असो की खाजगी, प्रत्येक दवाखान्याने तत्काळ मोफत उपचार केलेच पाहिजेत, असा कायदा आहे. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याने सासरच्या राहत्या घरात राहण्याचा बाईचा हक्क मान्य केला आहे, मग सात-बारावर किंवा घरपट्टीवर नाव कोणाचेही असो.

आणि घरातल्या कर्त्या पुरुषांना एक विनंती. बैल दोन दिवस वैरण खात नाही म्हटल्यावर आपण हातातले काम टाकून त्याच्याजवळ जातो, कान चाचपतो, तोंड उघडून पाहतो, डॉक्टरला निरोप धाडतो. घरातली बाई महिनोन्‌महिने अर्धपोटी झोपते, तिची विचारपूस तेवढ्याच अगत्याने व्हावी. आज रात्री जेवणे झाल्यावर एकदा विचारून पाहा, ‘तुझी प्रकृती कशी आहे? दिवस कसे जातात?’ आणि विचारल्यावर उत्तर ऐकायला थांबा.